रिकामें वाटणारें पिस्तूल

अहमदनगर, म्हणजे आजचें अहिल्यानगर, यास शस्त्रांची ओळख नवी नाहीं. विजापुरची प्रसिद्ध मुलूखमैदान तोफ १५४९ सालीं येथेंच ओतली गेली. आणि १९४८ पासून चिलखती दलाचें केंद्र व विद्यालय येथें आहे. रणगाड्याच्या अरुंद पोटांत लांब बंदूक अडचणीची. तेथें पिस्तूलच सोयीचें. त्या लहानशा हत्यारांतील एका खिळीची हकीकत आज सांगावयाची आहे.

भारतीय सैन्यानें दीर्घकाळ वापरलेलें ९ मिलिमीटरचें पिस्तूल बंगालमधील इशापूरच्या रायफल कारखान्याचें. त्याचें मूळ बेल्जियममध्यें आहे. अमेरिकन शिल्पी जॉन ब्राउनिंग यानें आरंभिलेला आराखडा, तो १९२६ सालीं निवर्तल्यावर, द्यूदोने सैव यानें पुढें नेला व १९३५ सालीं पिस्तूल सिद्ध झालें. महायुद्धांत बेल्जियम जर्मनांच्या हातीं पडला, तेव्हां टोरोंटोच्या इंग्लिस कारखान्यानें तें बनविलें. इशापूरनें पुढें गिरविला तो हाच कित्ता.

मूळ मागणी फ्रेंच सैन्याची होती. काडतुसांची पेटी, म्हणजे मॅगझिन, काढल्यावर पिस्तूल उडतां कामा नये, अशी तिची एक अट होती. फ्रेंचांनीं शेवटीं दुसरेंच पिस्तूल पसंत केलें. अट मात्र या पिस्तुलांत कायमची राहिली.

अटीचें कारण साधें आहे. पेटी काढली कीं हत्यार रिकामें झालें असें मनास वाटतें. परंतु एक काडतूस नळीच्या मागील घरांत बसलेलें असूं शकतें. पुसतांना चाप ओढला गेला तर तेंच घात करतें. म्हणून चापाला एक लहान खिळी जोडली. पेटी आंत असेतों ती दाबलेली राहते व चाप काम करतो. पेटी निघाली कीं चापाचा संबंध तुटतो.

पुष्कळ नेमबाजांस ही खिळी रुचली नाहीं. ती पेटीच्या अंगावर घासते, त्यामुळें चाप जड व खरखरीत लागतो. शिवाय पेटी बदलतांना शत्रू समोर आला तर आंतील काडतूस असून नसल्यासारखें! म्हणून अनेकांनीं ती काढूनच टाकली. उलट पक्ष म्हणतो, झटापटींत पिस्तूल हिसकावलें जात असेल तर पेटी सोडून द्यावी. तें शत्रूच्या हातीं निरुपयोगी ठरेल.

वापरणाऱ्याची आवड नेहमीं हलक्या चापाकडेच धांवते असेंहि नाहीं. इंग्रजांच्या एनफील्ड रिव्हॉल्व्हरच्या घोड्याचें टोंक रणगाड्यांत अडकतें, अशी तक्रार होती. १९३८ सालीं तें टोंक काढलें गेलें. अंगठ्यानें घोडा चढविण्याची सोय गेली व प्रत्येक वेळीं जड चाप ओढणें आलें. तरी अडकण्यापेक्षां तें बरें वाटलें.

मग खिळी असावी कीं नसावी? माझ्या मतें खरा धोका खिळीच्या असण्यानसण्यांत नसून तिच्यावरील विश्वासांत आहे. अमेरिकेच्या सुप्रसिद्ध १९११ च्या कोल्ट पिस्तुलांत ती मुळींच नाहीं. एका हत्याराची संवय घेऊन मनुष्य दुसरें हातीं घेतो आणि फसतो. म्हणून आधीं पेटी काढावी, मग वरचा सरकता भाग मागें ओढावा, आणि नळीचें घर स्वतःच्या डोळ्यांनीं पाहावें. खिळी विसराळू हाताला सांवरील. परंतु पाहण्याचें काम डोळ्यांचेंच आहे.