नेणिवेचा अभ्यास आणि पारसीबागानचे घर

पणजीस मांडवीच्या काठी, जुन्या सचिवालयाच्या अंगास, आबे फारियांचा पुतळा उभा आहे. धर्मोपदेशकाच्या पायघोळ वेषातील एक पुरुष हात पुढे पसरून उभा आहे, आणि त्याच्यासमोर एक स्त्री निद्रावश होऊन कलंडली आहे, असे ते शिल्प. रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडविलेला हा पुतळा १९४५ साली तेथे बसविण्यात आला. त्याकडे पाहून हा कोणी मांत्रिक असावा, अशी अनेकांची समजूत होते. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. निद्रा आणणारी शक्ती मांत्रिकाच्या हातांत नसते, ती निद्रा पावणाऱ्याच्या स्वतःच्या मनात असते, हे ज्यांनी प्रथम ठामपणे सांगितले त्यांत बारदेशातील कांदोळी गावी १७५६ साली जन्मलेल्या या गोमंतकीयाची गणना होते.

फारियांनी रोमला ईश्वरविद्येचे पांडित्य मिळविले आणि पुढे फ्रान्समध्ये तत्त्वज्ञानाचे अध्यापन केले. १८१३ सालापासून त्यांनी पॅरिस शहरी जाहीर प्रयोग आरंभिले. पण त्यांच्या पाठीशी ना विद्यापीठ होते, ना वैद्यांची सभा, ना शिष्यपरिवार. रंगभूमीवर त्यांची टवाळी झाली. १८१९ साली त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी ते निवर्तले. पुढे अनेक दशकांनी नान्सी येथील वैद्य बर्नहाइम यांनी फारियांचे ऋण मान्य केले. याच बर्नहाइमांचे उपचार पाहण्यास १८८९ साली व्हिएन्नाचे एक तरुण वैद्य गेले होते. त्यांचे नाव सिग्मंड फ्रॉइड. म्हणजे कांदोळीहून निघालेला एक झरा, मध्यंतरी भूमिगत होऊन, मनोविश्लेषणाच्या नदीस जाऊन मिळाला, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही.

येथे एक प्रश्न उभा राहतो. खरे सांगणारा मनुष्य एकाकी मरतो आणि त्याची विद्या त्याच्यामागे अर्धे शतक निराधार राहते, हे कशामुळे? बुद्धी उणी पडली म्हणून नव्हे. आमच्या मते, विद्येस तीन आधार लागतात: शिकविणारे पीठ, ती विद्या रोज वापरणारा व्यवसाय, आणि तिची चर्चा करणारा जिवाभावाचा समुदाय. मनाच्या खोल थरांच्या शास्त्रास तर हे तिन्ही अधिकच लागतात. कारण मनुष्य आपल्या मनाचा तळ एकट्याने पाहू जातो तेव्हा त्यास बहुधा आपलेच प्रतिबिंब दिसते. हे तिन्ही आधार एकत्र आले म्हणजे काय घडते, याचे उत्तम उदाहरण आपल्याच देशात, कलकत्त्यास घडले. गिरींद्रशेखर बोस यांचे चरित्र आम्ही येथे त्याच दृष्टीने पाहणार आहोत.

गिरींद्रशेखरांचा जन्म ३० जानेवारी १८८७ चा. त्यांचे वडील दरभंग्याच्या महाराजांचे दिवाण होते. वडील बंधू राजशेखर हे 'परशुराम' या टोपणनावाने लिहिणारे बंगालीतील थोर विनोदी कथाकार आणि कोशकार. गिरींद्रशेखरांना लहानपणापासून जादू आणि संमोहनविद्या यांचा छंद होता. १९१० साली ते वैद्यकीची पदवी घेऊन बाहेर पडले. देहात दोष सापडत नाही तरी दुखणे हटत नाही, असे रुग्ण येत, त्यांच्यावर ते प्रथम संमोहनाचा उपचार करीत. फारियांची वाट, ती जाणून असोत वा नसोत, त्यांनी अशी पुन्हा चालण्यास आरंभ केला होता. फ्रॉइड यांच्या लेखनाचा परिचय त्यांना हळूहळू इंग्रजी नियतकालिकांतून व भाषांतरांतून होत गेला.

याच सुमारास कलकत्ता विद्यापीठात एक नवे दालन उघडत होते. त्याचा इतिहास सांगताना आम्हांस, वकिली व्यवसायातील माणसांस, थोडा अभिमान वाटल्यावाचून राहत नाही. तेथील विज्ञान महाविद्यालय तारकनाथ पालित आणि रासबिहारी घोष या दोन कायदेपंडितांच्या देणग्यांतून उभे राहिले. आणि १९१४ साली ज्यांच्या पुढाकाराने त्याची कोनशिला बसली, ते आशुतोष मुखर्जी स्वतः उच्च न्यायालयाचे न्यायाधीश होते. न्यायालयात मिळविलेले द्रव्य आणि अधिकार त्यांनी विद्येच्या चरणी वाहिले. मानसशास्त्राचा अभ्यासक्रम ब्रजेंद्रनाथ शील यांनी आखला होता. प्रयोगशाळेची धुरा हार्वर्ड येथे म्युन्स्टरबर्ग यांच्या हाताखाली शिकून आलेल्या नरेंद्रनाथ सेनगुप्त यांनी वाहिली. भारतातील मानसशास्त्राचा हा पहिला स्वतंत्र विभाग होय.

वैद्यकी चालवीत असतानाच बोस या विभागात विद्यार्थी म्हणून दाखल झाले. १९१७ साली, वयाच्या तिसाव्या वर्षी, ते तेथून पदव्युत्तर परीक्षा उत्तीर्ण झाले आणि लगेच तेथेच अध्यापक झाले. १९२१ साली त्यांनी दमनाच्या संकल्पनेवरील प्रबंधावर विज्ञानाची डॉक्टर ही पदवी मिळविली. भारतीय विद्यापीठात मानसशास्त्र विषयात मिळालेली ही पहिली डॉक्टर पदवी. दमन म्हणजे इंद्रियनिग्रह नव्हे, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. निग्रह मनुष्य जाणून करतो. दमनात मनास न रुचणारी इच्छा नकळत जाणिवेच्या बाहेर लोटली जाते. ती नष्ट होत नाही, वेष पालटून स्वप्नात, चुकीच्या शब्दात किंवा रोगात परत येते. बोस यांनी यात स्वतःची भर घातली. प्रत्येक इच्छेसोबत तिची उलट इच्छाही मनात वसते. मारावे या इच्छेच्या पाठीशी मार खावा ही इच्छा असते. त्यांपैकी एक जाणिवेत राहते, दुसरी दडपली जाते. रोग्यास दोन्ही बाजूंचा अनुभव करून दिला म्हणजे गाठ सुटते, असे त्यांचे प्रतिपादन. दोन्ही पक्षांचे म्हणणे ऐकल्यावाचून निवाडा नाही, हे आमच्या व्यवसायातील पहिले सूत्र त्यांनी मनाच्या न्यायासनास लागू केले, असे आम्हांस वाटते.

बोस यांनी हा ग्रंथ फ्रॉइड यांस पाठविला. इतक्या दूरच्या देशात आपल्या शास्त्राचा अभ्यासक निघावा याचे फ्रॉइड यांस सानंद आश्चर्य वाटले. दोघांचा पत्रव्यवहार १९२१ पासून १९३७ पर्यंत चालला. प्रत्यक्ष भेट मात्र कधीच झाली नाही. बोस यांचे चित्रकार मित्र यतींद्रकुमार सेन यांनी फ्रॉइड यांना न पाहताच त्यांचे कल्पनाचित्र रेखाटले, ते व्हिएन्नास धाडण्यात आले. त्यात आपण अगदी इंग्रज गृहस्थ दिसतो, असा विनोद फ्रॉइड यांनी एका मैत्रिणीस लिहिलेल्या पत्रात केला.

१९२२ साली पारसीबागान गल्लीतील १४ क्रमांकाच्या घरी भारतीय मनोविश्लेषण सभेची स्थापना झाली. हे घर बोस बंधूंचे. लेखक, चित्रकार आणि शास्त्रज्ञ यांची बैठक तेथे आधीपासूनच जमत असे आणि आपल्या मंडळास ही मंडळी गमतीने 'उत्केंद्र समिती' म्हणत. केंद्रापासून ढळलेल्यांची सभा, असा त्याचा अर्थ. मनोविश्लेषण सभेचे आरंभीचे सभासद पंधरा. त्यांत बहुसंख्य मानसशास्त्राचे वा तत्त्वज्ञानाचे अध्यापक, काही वैद्य. सकाळी विद्यापीठात व्याख्यान, दुपारी रुग्ण, सायंकाळी घरात चर्चा, असे विद्या, वृत्ती आणि समुदाय हे तिन्ही प्रवाह त्या घराच्या उंबरठ्यावर एकत्र मिळाले. १९३१ साली फ्रॉइड यांच्या पंचाहत्तरीस या सभेने त्यांना अनंताच्या वेटोळ्यांवर विराजमान झालेल्या विष्णूची हस्तिदंती मूर्ती भेट दिली. ती त्यांनी आपल्या लेखनाच्या मेजावर ठेवली, आणि आज ती लंडन येथील त्यांच्या निवासातील संग्रहालयात आहे.

परंतु या कथेत एक कडू घोटही आहे, आणि देवस्थानांच्या परिसरात वाढलेल्या आमच्या वाचकांपासून तो लपविणे योग्य नव्हे. सभेच्या आरंभीच्या सभासदांत दोन ब्रिटिश लष्करी अधिकारी होते. त्यांपैकी ओवेन बर्कली-हिल हे रांचीच्या युरोपीय मनोरुग्णालयाचे प्रमुख. त्यांनी १९२१ साली हिंदूंचा धर्म व स्वभाव यांवर एक लेख लिहिला आणि आमच्या सोवळ्याओवळ्याचे मूळ बालपणीच्या मलविसर्जनाच्या सवयींत शोधले. दुसरे अधिकारी डेली यांनी आमच्या देवदेवता आणि पुढे बंगालचे क्रांतिकारक यांची अशाच रीतीने चिकित्सा केली. राज्य करणाऱ्यांनी शास्त्राच्या आडून प्रजेलाच रोगी ठरवावे, असा तो प्रकार होता.

अशा वेळी दोन सोप्या वाटा असतात. शास्त्रच पाखंड म्हणून टाकून द्यावे, ही पहिली. परक्याचे म्हणणे मुकाट्याने गिळावे, ही दुसरी. बोस यांनी दोन्ही टाळल्या. त्यांनी सभेतून कोणास घालविले नाही आणि स्वतःचे मतही सोडले नाही. आपल्या रुग्णांत जे दिसते तेच प्रमाण मानून, युरोपीय रोग्यांत जे भय ठळकपणे आढळते ते भारतीय रोग्यांत तितके आढळत नाही, असे त्यांनी १९२९ साली थेट फ्रॉइड यांस लिहून कळविले. फ्रॉइड यांस ते पूर्णपणे पटले नाही, पण पत्रव्यवहार तुटला नाही. इकडे बोस बंगालीत लिहीत राहिले. स्वप्नांवर पुस्तक, गीतेवर विवेचन आणि पुराणांतील कालगणनेवर 'पुराणप्रवेश' हा ग्रंथ त्यांनी लिहिला. श्रद्धेच्या ग्रंथांकडे त्यांनी वैद्याच्या तुच्छतेने पाहिले नाही. अभ्यासकाच्या आदराने पाहिले. परिभाषाही ते आपल्या भाषेतून घडवीत. जाणिवेपलीकडील मनास बंगालीत 'निर्ज्ञान' हा शब्द रूढ झाला. मराठीत तर 'जाणीव' आणि 'नेणीव' ही जोडी संतांच्या काळापासून घरचीच आहे. परक्या शास्त्रास आपल्या भाषेत जागा द्यावयाची तर शब्दांची उधारी दरवेळी करावी लागत नाही, हा त्यातील धडा.

विद्येची खरी परीक्षा मात्र रोग्याच्या खाटेशी होते. बोस यांच्या काळी मनोरुग्णांसंबंधीचा कायदा १९१२ चा होता. त्याच्या नावातच 'वेड' होते, आणि त्याचा रोख उपचारापेक्षा बंदोबस्ताकडे अधिक होता. दंडाधिकाऱ्याच्या हुकुमाने मनुष्य आत जाई. अशा दिवसांत, १९३३ साली, बोस यांनी कार्मायकेल वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे आजच्या आर. जी. कर महाविद्यालयात, मनोरुग्णांसाठी बाह्यरुग्ण विभाग उघडला. सामान्य इस्पितळाच्या छपराखाली असा विभाग देशात प्रथमच निघाला. ताप आलेला आणि मन बिघडलेला असे दोघे एकाच दाराने आत जाऊ लागले, ही लहान गोष्ट नव्हे. १९४० साली 'लुंबिनी पार्क' हे मनोरुग्णालय सुरू झाले. त्याची जागा राजशेखरांनी दिली. १९४९ साली मुलांसाठी 'बोधायन' ही शाळा निघाली. ३ जून १९५३ रोजी गिरींद्रशेखर निवर्तले, तोपर्यंत सभेचे अध्यक्षपद त्यांच्याकडेच होते.

हे शेवटचे वाक्य स्तुतीचे आहे, तसेच उणिवेचेही आहे. एकतीस वर्षे एकच अध्यक्ष! बोस यांचे मनोविश्लेषण दुसऱ्या कोणी केले नव्हते. ते स्वतःच स्वतःचे परीक्षक होते. त्यांचे शिष्य त्यांच्याकडे गुरू म्हणून पाहत, आणि जेथे गुरूचा शब्द अखेरचा असतो तेथे उलटतपासणी होत नाही. शिवाय हा सारा व्यवहार इंग्रजी शिकलेल्या शहरी भद्रलोकांपुरता राहिला. घराने विद्येस ऊब दिली, पण घराच्या भिंतीही तिला पडल्या. फारियांस समुदाय लाभला नाही म्हणून त्यांची विद्या पोरकी झाली. बोस यांस समुदाय लाभला, पण तो एका पुरुषाभोवती गुंफलेला असल्यामुळे त्यांच्यामागे त्याचे तेज मंदावले. दोन्ही दाखले ध्यानात ठेवण्यासारखे आहेत.

आता आपल्याकडे वळू. न्यायालयात वाटणीचे दावे चालविताना आम्ही पुष्कळदा पाहतो की, वाद एका माडाचा किंवा विहिरीच्या पाळीचा असतो आणि डोळ्यांत पाणी येते ते तीस वर्षांपूर्वीच्या एखाद्या शब्दाने. कागदपत्रांत त्या शब्दाची नोंद नसते. निकालही त्यास शिवत नाही. असा मनुष्य पूर्वी देवळात जाई, कौल लावी, आणि निदान आपले दुखणे चारचौघांत उच्चारून येई. देवळाने त्याचे ऐकून घेतले, यातही एक उपचार होता. पण ऐकून घेणे आणि रोग ओळखणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि ज्यास वैद्य हवा त्यास केवळ प्रसाद देऊन परत पाठविणे हा देवाचा मान नव्हे.

कायदा आज बदलला आहे. १९१२ चा कायदा जाऊन १९८७ चा आला, आणि तोही जाऊन २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा आला. त्याने उपचारास हक्काचे रूप दिले आणि आत्महत्येचा प्रयत्न करणारा मनुष्य तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरण्यास सांगितले. परंतु कायदा दार उघडतो, आत कोणी बसलेले असावे लागते. ते माणूस आपल्या घरांतूनच निघाले पाहिजे. मुलगी मानसशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात जाऊ इच्छिते तेव्हा 'वेड्यांची वैद्यकी कशास?' असे विचारणारी वडीलधारी मंडळी अजून आहेत. त्यांनी बोस यांचे चरित्र वाचावे. आणि ज्या देवस्थानांच्या अग्रशाळांत उत्सवाखेरीज खोल्या रिकाम्या असतात, तेथील महाजनांनी एखादी खोली आठवड्यातून एक दिवस शिकलेल्या समुपदेशकास द्यावी. पारसीबागानच्या त्या सभेचा आरंभही राहत्या घरातच झाला होता.