वाहून घेणे

भामरागडला पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती वाहतात. जवळच हेमलकशात आमटे कुटुंबाने १९७३पासून माडिया गोंडांच्या सेवेला वाहून घेतलं. क्रियापद एकच! मुळाशी संस्कृत ‘वह्’, म्हणजे नेणे. मराठीत त्याने ओझं उचललं, नदीला गती दिली, देवाला फूलही अर्पण केलं. ‘समर्पण’ भारदस्त खरं, पण त्यात खांदा दुखत नाही. ख्रिस्ती त्यागाला म्हणूनच ‘वाहणे’ जवळचं वाटतं: येशूने आधी क्रूस वाहिला, मग प्राण. (‘क्रूस’ पोर्तुगीजांकडचा, मराठी बायबलात बहुधा ‘वधस्तंभ’.) केडगावच्या ‘मुक्ती मिशन’ला वाहून घेतलेल्या पंडिता रमाबाई १९२२मध्ये वारल्या, अखेरची वर्षं त्या हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत आणत होत्या.