नांगर आणि नत्र

शेतकऱ्याचे दैवत कोणते, असे विचारले तर बैलाच्या खालोखाल नांगराचेच नाव येईल. पश्चिमेकडच्या शेतकऱ्यांनीही या दैवताची मनोभावे पूजा केली, आणि दोन शतकांनंतर त्यांतल्याच काहींनी त्याला देव्हाऱ्यातून खाली उतरवले. ती कथा मोठी उद्बोधक आहे.

इंग्लंडातील जेथ्रो टल याचा ग्रंथ १७३३ साली प्रसिद्ध झाला. वनस्पती मुळांवाटे मातीचे बारीक कणच खातात, अशी त्याची समजूत. माती जितकी भुसभुशीत तितके पीक जोमदार. मग खत हवे कशाला? सिद्धान्त चुकीचा होता, पण टलचे शेत मात्र पिकत होते!

पुढे १८४३ साली लॉज आणि गिल्बर्ट यांनी रोथॅमस्टेड येथील ब्रॉडबॉक शेतात गव्हाचा प्रयोग मांडला. एका तुकड्याला काहीच नाही, दुसऱ्याला शेणखत, इतरांना निरनिराळे क्षार. पिकाला पुरेसे नत्र हवेतूनच मिळते, असे लीबिगसारखा थोर रसायनशास्त्रज्ञ सांगत होता. गव्हाने साक्ष दिली ती त्याच्याविरुद्ध. नत्र घालावेच लागते. हा प्रयोग आजही चालू आहे.

मग टलचे शेत बिनखताचे पिकले कसे? जमिनीत कुजून मुरलेल्या पाल्यापाचोळ्यात नत्राचा साठा असतो. माती उलथली की हवा आत शिरते, सूक्ष्म जीव जोमाने कामाला लागतात आणि तो साठा पिकाच्या तोंडी पडतो. नांगर पदरचे काहीच देत नव्हता. पिढ्यांची ठेव मोडून तो हातात रोकड ठेवीत होता.

ठेव मोडत गेल्याचे फळ अमेरिकेने भोगले. तेथील विस्तीर्ण गवताळ मैदाने नांगरून गहू पेरला गेला होता. १९३० नंतर अवर्षण पडले आणि मुळांचा आधार सुटलेली माती वाऱ्यावर उधळली. १४ एप्रिल १९३५ रोजी तर भरदिवसा काळोख झाला. १९४३ साली एडवर्ड फॉकनरने पुस्तक लिहून नांगरालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. १९६२ साली केंटकीतील हॅरी यंग या शेतकऱ्याने तणनाशकाच्या मदतीने, न नांगरता मका पेरला.

पण ठेव मोडायची नाही, तर रोजचा खर्च भागावा कसा? केंटकी विद्यापीठाने १९७० साली लेक्सिंग्टन येथे याचीच परीक्षा सुरू केली. नत्र न दिलेल्या तुकड्यांत पहिली काही वर्षे नांगरटीचाच मका सरस ठरला. नत्र दिले तिथे बिननांगरटीचा मका बरोबरीने, कधी वरचढही आला. वर्षे लोटली तशी बिनखताच्या तुकड्यांतील तफावतही मिटत गेली, कारण न नांगरलेल्या जमिनीच्या वरच्या थरात ठेव साचत होती. मात्र नत्रखताने तोच थर आंबट होतो. त्याला चुन्याची जोड द्यावी लागते.

या दिवाळीत व्यापारी नव्या वह्यांची पूजा करतील. जमिनीचीही अशीच एक वही असते. भरघोस पीक आले म्हणून हुरळून जाऊ नये. ते व्याजातून आले की मुदलातून, एवढे आधी तपासावे.