खापर कुणावर फोडायचे?

मे महिन्याचा दुसरा आठवडा होता. शाळेला सुट्टी लागलेली. सकाळी साडेदहाच्या सुमारास आठवीतली दोन मुले माझ्या दारात पपईचे प्लास्टिकचे क्रेट घेऊन उभी राहिली. वरून गोणपाट टाकलेले. "सर, फाट्यावर ठेवलेलं होतं कुणीतरी. गाडीतून उतरवलं आणि गेले सागबाऱ्याकडे." गोणपाट उचलले तर आत तीन पांढरे ससे. एक आडवा पडून धापा टाकत होता, दुसरे दोन एकमेकांना चिकटून बसले होते. क्रेटच्या तळाशी सुकलेली कोबीची पाने आणि अर्धे गाजर.

आमचे खापर हे अक्कलकुवा तालुक्यातले, गुजरातच्या हद्दीजवळचे गाव. अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्ता इथून जातो. या रस्त्याने मिरची जाते, पपई जाते, ऊसतोडीला निघालेली कुटुंबे जातात. नको झालेल्या वस्तूही याच रस्त्याच्या कडेला टाकल्या जातात. हद्द ओलांडली की आपला संबंध संपला, असे टाकणाऱ्याला वाटत असावे.

पाहायला जमलेल्या प्रत्येकाने एकच सल्ला दिला: "डोंगराकडे सोडून द्या. जंगलातला जीव जंगलात बरा." सल्ला प्रेमाचाच होता. मी गप्प राहिलो, कारण वीस वर्षांपूर्वी मी नेमके हेच केले होते. तेव्हा माझ्या मुलासाठी बाजारातून आणलेला ससा वर्षभरात नकोसा झाला. घरभर लेंड्या, वायरी कुरतडलेल्या. एका संध्याकाळी मी त्याला नाल्यापलीकडच्या झुडपांत नेऊन सोडला आणि मुलाला सांगितले की तो त्याच्या भावंडांकडे गेला. दुसऱ्या दिवशी पहाटे फिरायला गेलो तेव्हा त्याच जागी पांढऱ्या केसांचा पुंजका होता. बाकी काही नव्हते. मुलाला मी ते आजतागायत सांगितलेले नाही.

इतिहास शिकवणारा माणूस असल्याने क्रेट घरात घेतल्यावर मला पहिला प्रश्न पडला तो हा: हा प्राणी इथवर आला कसा? आणि त्याचे घर डोंगरात आहे, असे आपल्या सगळ्यांना का वाटते?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर भाषेत आहे. संस्कृतातला शश, प्राकृतातला सस आणि मराठीतला ससा हा एकच प्राणी. चंद्रावरचा डाग त्याचा, म्हणून चंद्र शशांक. जातककथेत याचकाला द्यायला दुसरे काही नाही म्हणून आगीत उडी घेणारा तोच. पंचतंत्रात सिंहाला विहिरीत पाडणारा तोच. न्यायशास्त्रात अस्तित्वातच नसलेल्या गोष्टीचे उदाहरण म्हणून ज्याचे शिंग दाखवतात, तोही तोच. हा भारतीय ससा तपकिरी-करडा असतो, त्याच्या मानेवर काळा पट्टा असतो. तो बीळ खणत नाही, गवतातल्या खळग्यात दबून बसतो. त्याची पिल्ले जन्मतःच केसाळ आणि उघड्या डोळ्यांची असतात. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे. त्याला धरणे किंवा पाळणे गुन्हा आहे.

क्रेटमधला प्राणी हा नव्हे. तो युरोपातला, मूळचा स्पेन-पोर्तुगालकडचा. तो बिळात कळपाने राहतो. त्याची पिल्ले उघडी आणि आंधळी जन्मतात. दोघांची गुणसूत्रेसुद्धा वेगळी, आपल्या सशाची ४८ आणि त्याची ४४. त्यांचा संकर होत नाही. शेळी आणि हरीण यांना आपण एका नावाने हाक मारत नाही, पण या दोघांना मात्र मराठीने एकच शब्द दिला. ज्या दिवशी पांढरा पाहुणा आला, त्या दिवशी 'ससा' हे नाव तयारच होते. त्या नावाबरोबर त्याला डोंगरही मिळाला, जो त्याचा कधीच नव्हता.

ही गोष्ट मला पुस्तकाआधी शेजारच्या वयस्कर बाबांनी सांगितली. तरुणपणी सातपुड्याच्या दऱ्या पायी हिंडलेले ते गृहस्थ. अंगणात सोडलेला ससा माती उकरायला लागला तेव्हा ते म्हणाले, "हा आपला नाही, सर. आपला ससा जमीन उकरत नाही. याला पळता पण येणार नाही इकडे." शब्दकोशात न राहिलेला फरक त्यांच्या डोळ्यांत राहिला होता.

आता पहिला प्रश्न. ससा माणसाळला कसा, याची एक गोष्ट अनेक पुस्तकांत सापडते. इ. स. ६००च्या सुमारास पोपने सशाची नवजात पिल्ले उपवासाला चालतील असे फर्मान काढले, मग फ्रान्समधल्या मठांतल्या साधूंनी ससे पाळायला सुरुवात केली, अशी ती गोष्ट. २०१८ साली ऑक्सफर्डच्या संशोधकांनी मूळ कागद तपासले, तेव्हा असे फर्मान निघालेच नव्हते असे दिसले. पोप ग्रेगरी आणि तूरचा बिशप ग्रेगरी या दोन ग्रेगरींचा घोटाळा झाला होता. बिशपने फक्त एवढेच लिहिले होते की अमुक एका माणसाने उपवासाच्या काळात सशाची पिल्ले खाल्ली. खरी गोष्ट संथ आहे. रोमन लोक ससे कोंडून ठेवत, मध्ययुगात सरदार मंडळी शिकारीसाठी आणि मांसासाठी कुरणे राखत, पुढे ते खुराड्यांत आले. शोभेचा, घरात खेळवायचा ससा हा गेल्या दोन-अडीचशे वर्षांतला. १९०२ साली बिअट्रिक्स पॉटर यांचे 'पीटर रॅबिट' निघाले तोवर इंग्लंडमध्ये तो पोरांच्या खोलीत पोहोचला होता.

त्याच साम्राज्यातून तो जगभर गेला. १८५९ साली थॉमस ऑस्टिन या जमीनदाराने ऑस्ट्रेलियात शिकारीच्या हौसेपायी २४ ससे मागवले आणि सोडले. तिथे त्यांनी अर्धे खंड पोखरले. १८८५ साली पॅरिसमध्ये पाश्चरने पिसाळलेल्या कुत्र्याच्या विषाणूवरची लस केली, ती संसर्ग झालेल्या सशांचे मज्जारज्जू वाळवून. भारतात १९००मध्ये कसौलीला आणि १९०७मध्ये कुन्नूरला पाश्चर संस्था निघाल्या. कुत्रा चावलेल्या कितीतरी माणसांचे प्राण सशांच्या जिवावर वाचले, हे आपण विसरतो. पुढे सौंदर्यप्रसाधने डोळ्यांना झोंबतात की नाही, हेही त्याच्याच डोळ्यांत थेंब टाकून पाहिले गेले. २०१४ साली भारताने प्रसाधनांसाठी प्राण्यांवर चाचण्या घ्यायला बंदी केली.

खेड्यात मात्र ससा आला तो जोडधंदा म्हणून. लोकरीसाठी अंगोरा थंड हवेच्या हिमाचलात, मांसासाठी न्यूझीलंड व्हाइट इतरत्र. नाव न्यूझीलंडचे असले तरी ही जात घडली अमेरिकेत. 'कमी जागा, कमी भांडवल, दर महिन्याला वीण' हे गणित कागदावर फार सुंदर दिसते. गाभण काळ साधारण ३१ दिवसांचा आणि व्याल्याबरोबर मादी पुन्हा गाभण राहू शकते, हे खरेच आहे. माझ्या ओळखीच्या एका शेतकऱ्याने पिंजऱ्यांसकट जोड्या घेतल्या. पिल्ले परत विकत घेऊ, असा शब्द विकणाऱ्याने दिला होता. पिल्ले झाली, तोवर फोन बंद झाला. गणितातली वीण खरी निघाली, गिऱ्हाईक खोटे निघाले. मग ससे कुणाला भेट, कुणाला फुकट, काही बाजारात, रंगवलेल्या कोंबडीच्या पिल्लांशेजारी टोपलीत. आमच्या क्रेटमधले ससे अशाच कुठल्यातरी गणिताची बाकी असावेत.

नको झालेल्या जनावराचे काय करायचे, हा प्रश्न आपल्याकडे जुना आहे. अशोकाने पाचव्या स्तंभलेखात न मारायच्या प्राण्यांची यादी दिली आहे. तिच्यात एक कलम असे आहे की जी चतुष्पाद जनावरे उपयोगाची नाहीत आणि खाल्लीही जात नाहीत, ती मारू नयेत. उपयोग नसणे हेच तिथे संरक्षणाचे कारण आहे! मुंबईत १८३२ साली सरकारने भटकी कुत्री मारायला बक्षीस लावले, तेव्हा पारशी रस्त्यावर उतरले आणि दंगल झाली. त्यानंतर दोन वर्षांनी, १८३४ साली, जमशेटजी जिजीभाई आणि अमीचंद शहा यांच्या पुढाकाराने मुंबईचा पांजरपोळ उभा राहिला. १८७४मध्ये प्राण्यांवरील क्रूरतेला आळा घालणारी मंडळी मुंबईत निघाली. १८८०च्या दशकात परळला साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचे जनावरांचे इस्पितळ झाले आणि १८८६मध्ये पशुवैद्यक महाविद्यालय. १८९०चा क्रूरताविरोधी कायदा फक्त पाळीव आणि पकडलेल्या जनावरांपुरता होता. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत खाजगी विधेयक आणून रेटा लावला, त्यातून १९६०चा कायदा आला आणि 'प्राणी' या शब्दात माणूस सोडून सगळे जीव आले.

या कायद्याच्या ११व्या कलमात, भूक किंवा तहान यांनी हाल होतील अशा स्थितीत जनावर सोडून देणे हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. १९६० साली पन्नास रुपये ही रक्कम होती. आज क्रेटची किंमतही त्याहून जास्त आहे. वीस वर्षांपूर्वीच्या त्या संध्याकाळचा हिशेब मी या दराने केला, पण मन हलके झाले नाही.

पांजरपोळात गाय येते, बैल येतो, घोडा येतो. सशाला तिथे जागा आपोआप मिळत नाही. अमेरिकेत १९८८ साली फक्त सशांसाठी 'हाउस रॅबिट सोसायटी' निघाली. मुंबई-पुण्यात आता सशांना दत्तक घरे शोधून देणारी तरुण मंडळी आहेत. त्यातल्या एका मुलीने मला फोनवर तासभर शिकवले. ती विशीतली, मी पन्नाशी ओलांडलेला.

तिने पहिले सांगितले ते गाजर विसरायला. सशाचे पोट गवतावर चालते. त्याचे दात जन्मभर वाढतात, ते गवत चावूनच झिजतात. तो उलटी करू शकत नाही, आणि दहा-बारा तास खाल्ले नाही तर आतडे थंडावून मरू शकतो. दुसरे, ऊन. त्याला घाम येत नाही, उष्णता बाहेर टाकायला मुख्यतः कान. तिशीच्या वर पारा गेला की त्याचे हाल सुरू होतात, आणि आमच्याकडे तेव्हा ४२ होता. तिसरे, तोंडाने देण्याची काही नेहमीची प्रतिजैविके, अमोक्सिसिलिनसुद्धा, त्याच्या आतड्यातले उपयोगी जिवाणू मारून त्यालाच मारतात. आमच्या जनावरांच्या डॉक्टरांचा सारा अनुभव गुरांचा आणि शेळ्यांचा. त्यांनी हे ऐकून घेतले, आपल्या सुरतेच्या वर्गमित्राला विचारले आणि मगच सुई भरली. त्या सावधपणाबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

थंडाव्यासाठी उपाय गावाच्या नावातच होता. कुंभाराकडून फुटक्या माठांची मोठी खापरे आणली, पाण्यात भिजवून पडवीत अंथरली, वर ओले गोणपाट टांगले. ससे आपणहून येऊन त्या खापरांवर पोट टेकून पसरले. बायको म्हणाली, "एवढं तर आपल्याला पण सुचलं नव्हतं स्वतःसाठी." मारवेलचे वाळलेले गवत शेजारच्या गोठ्यातून मिळाले.

आडवा पडलेला ससा दुसऱ्या रात्री गेला. चौथ्या दिवशी उरलेल्या दोघांपैकी एक तोंडात गवत गोळा करून कोपऱ्यात नेताना दिसली, मग तिने छातीचे केस उपटायला सुरुवात केली. सकाळी त्या केसांच्या घरट्यात पाच गुलाबी पिल्ले होती. दिवसभर ती त्यांच्याजवळ फिरकेना, तेव्हा मी घाबरून फोन केला. ती मुलगी हसली. सशीण दिवसातून एक-दोनदाच, काही मिनिटे पाजते. शत्रूला घरट्याचा सुगावा लागू नये म्हणून दूर राहते. आई टाकून गेली असे आपल्याला वाटते, प्रत्यक्षात ती राखण करत असते. पाचातली चार जगली. नराला लगेच वेगळे ठेवले, पुढे सुरतेला नेऊन त्याची नसबंदी केली, आणि त्यानंतरही काही आठवडे वेगळेच ठेवले.

पिल्ले दोन महिन्यांची झाल्यावर मागणी सुरू झाली. वाढदिवसाला भेट द्यायला हवा, दुकानात ठेवायला हवा, पोरगा रडतोय म्हणून हवा. मी सगळ्यांना सांगायचो की हा आठ-दहा वर्षे जगतो. बहुतेक जण तिथूनच परतत. ज्यांनी "मग उन्हाळ्यात याला कुठं ठेवायचं?" असा उलटा प्रश्न विचारला, अशा दोन घरी दोन-दोन पिल्ले दिली. एक घर त्या क्रेट आणणाऱ्या मुलांपैकी एकाचे आहे.

या सगळ्याचे खापर कुणावर फोडायचे, असे मला विचारतात. रस्त्याच्या कडेला क्रेट ठेवणाऱ्यावर फोडता येईल, जोड्या विकून फोन बंद करणाऱ्यावर फोडता येईल. पण वीस वर्षांपूर्वी नाल्यापलीकडे गेलेला माणूस मला ठाऊक आहे. परवा मुलगा सुरतेहून आला. पडवीत खापरावर पसरलेल्या सशिणीकडे बघून म्हणाला, "बाबा, आपला तो ससा आठवतो? डोंगरात गेलेला?"

"बस जरा," मी म्हणालो, "तुला एक सांगायचं राहिलंय."