बोडी : शेतातलं छोटं धरण, त्याची पाळ, सलंग आणि सातबारा

झाडीपट्टीत, म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या धानपट्ट्यात, शेताच्या वरच्या अंगाला मातीची पाळ घालून पावसाचं पाणी अडवलेलं दिसतं. त्याला बोडी म्हणतात. शेतकऱ्याच्या स्वतःच्या मालकीचं ते छोटं धरणच. कुठं अर्ध्या एकराची, कुठं दोन-तीन एकराची. नवीन पोरांना शेततळं माहीत असतं, बोडी माहीत नसते, म्हणून आधी फरक सांगतो. शेततळं खड्डा खोदून करतात. बोडीत खोदकाम कमी. उताराची जागा पाहून तीन बाजूंनी पाळ घालायची, चौथी बाजू मोकळी ठेवायची, तिकडून वरचं पाणी येतं. खालच्या बांध्यांना पाणी द्यायला मोटार लागत नाही, उतारानंच जातं. हा बोडीचा मोठा फायदा.

मामा तलाव आणि बोडी यांतही गल्लत होते. मामा तलाव म्हणजे माजी मालगुजारी तलाव. गोंड राजांच्या काळापासून मालगुजारांनी आणि गावकऱ्यांनी हे तलाव बांधले. त्यात कोहळी समाजाचा हात मोठा. नवेगावबांधचा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं सांगतात. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी गेली आणि ३१ मार्च १९५१ पासून गावाचे तलाव सरकारकडे आले. पण शेतकऱ्याच्या कब्जाच्या जमिनीतले लहान तलाव ज्याचे त्याच्याकडेच राहिले. आज मामा तलावाची पाळ फुटली तर जिल्हा परिषदेला निवेदन देता येतं. बोडीची फुटली तर फावडं आपणच घ्यायचं.

एका पाण्याचा सवाल

आपल्याकडे पाऊस कमी नाही, वर्षाला साधारण १२०० ते १५०० मिलिमीटर पडतो. पण तो वेळेवर पडेल याची खात्री नसते. जुलैत परे तयार असतात आणि चिखल करायला पाणी नसतं. नाहीतर दसऱ्याच्या सुमारास भारी धान निसवते, नेमका तेव्हा पाऊस पाठ फिरवतो. शेवटचं एक पाणी मिळालं तर धान घरात येतो, नाही मिळालं तर लोंबीत पोचट. बोडी या एका-दोन पाण्यांसाठी असते. उन्हाळी धान तिच्या भरवशावर लावायचा नसतो.

हिशेब करून पाहा. एक एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर. एक एकराची बोडी सरासरी एक मीटर खोल भरली तर पाणी झालं सुमारे ४० लाख लीटर. एका एकरातल्या धानाला दोन इंच पाणी द्यायला लागतात साधारण २ लाख लीटर. म्हणजे कागदावर वीस एकरांचं एक पाणी. प्रत्यक्षात काही जमिनीत मुरतं, काही उन्हानं उडतं, काही पाटात जिरतं. मी निम्मंच धरतो. तरी दहा एकर होतात. बोडी पाडून तिथं एक एकर बांध्या काढणाऱ्यानं आधी हे गणित करावं.

पाळ, तुडूम, सलंग

बोडीचे भाग तीनच. पाणी अडवते ती पाळ, काही गावांत पार म्हणतात. पाणी सोडायचं दार म्हणजे तुडूम. जुन्या पद्धतीत त्याला एकावर एक भोकं असत आणि त्यात लाकडी बुचं मारत. पाणी जसं उतरेल तसं खालचं बूच काढायचं. आता बहुतेक जागी सिमेंटचा पाइप असतो. तिसरा भाग सलंग, म्हणजे जास्तीचं पाणी निघून जायची वाट.

पाळ घालताना माती सहा ते नऊ इंचाच्या थरानं टाकायची, ओलवायची आणि ठोकायची. जेसीबीनं एका दिवसात ढीग लावून मोकळी केलेली पाळ दिसायला उंच असते, पण पहिल्या पावसात बसते. मधात चिकण मातीचा गाभा पाहिजे आणि तो खाली पक्क्या जमिनीत उतरलेला पाहिजे. नुसत्या मुरमाची पाळ पाणी धरत नाही. पाण्याकडचा उतार जास्त निजता ठेवा, एक फूट उंचीला दोन ते अडीच फूट.

सलंगाबद्दल मात्र सविस्तर सांगावं लागेल. मातीची पाळ वरून पाणी गेलं की टिकत नाही, कितीही जुनी असो. पाणी मागच्या उतारावरून पडते, पायथा खरवडते आणि तासाभरात खिंड पडते. म्हणून सलंगाचा तळ पाळीच्या माथ्यापेक्षा किमान दोन-अडीच फूट खाली पाहिजे. तो पाळीच्या टोकाला, पक्क्या जमिनीत पाहिजे, भरावात नाही. आमच्या घरची बोडी फुटली ती यातच. हातभर पाणी जास्त साचावं म्हणून सलंगावर आम्हीच रेतीची पोती रचली होती. रात्री पाऊस आला, पोती काढायला कोणी गेलं नाही. सकाळी पाळीला दहा हात खिंड आणि खालच्या चार बांध्यांतला रोवणा गाळाखाली. त्यातल्या दोन बांध्या आमच्या नव्हत्या. त्या घरचं आणि आमचं बोलणं पुढं दोन वर्षं बंद होतं.

पाळ झिरपते तेव्हा आधी पाण्याचा रंग पाहायचा. मागच्या पायथ्याशी नितळ पाणी पाझरत असेल तर घाई नको, रोज नजर ठेवा. गढूळ येत असेल तर आतून माती वाहून चालली आहे. तेव्हा लगेच तुडूम उघडून बोडी उतरवायची. मागच्या बाजूनं चिखल थापून भोक बुजवू नका. पाणी दुसरीकडून निघते आणि भोक मोठं होते. पाझराच्या जागी आधी जाड रेती, तिच्यावर गिट्टी, असा ढीग टाका. पाणी येऊ द्या, माती अडवा. खेकडे, उंदीर, घुशी यांची बिळं उन्हाळ्यातच खोदून चिकण मातीनं ठोकून भरावी लागतात. पाळीवर मोठी झाडं नको. झाड मेलं की मुळं कुजतात आणि त्याच नळीतून पाणी वाट काढते. गवत राहू द्या, ते माती धरून ठेवते.

बोडी कोणाची, पाणी कोणाचं

आजोबाची एक बोडी, वाटणीत तीन भावांत गेली. एकाच्या हिश्श्यात पाळ, दुसऱ्याच्या हिश्श्यात बुडीत जमीन, तिसऱ्याच्या बांध्या खाली. पाळीवर माती टाकायचा खर्च कोणी करायचा? ज्याची जमीन बुडते तो म्हणतो मला काय फायदा. गावोगावी बोड्या मोडतात त्या बऱ्याचदा अशा. वाटणीपत्र करतानाच पाण्याची पाळी, दुरुस्तीचा हिस्सा आणि तुडूम कोण उघडणार हे लिहून घ्या. नंतर कोणी लिहून देत नाही.

सातबाऱ्यावर बोडीची जागा अनेकदा पोटखराब असते. पोटखराबाचे अ आणि ब असे दोन वर्ग आहेत. जमीनधारक सोडून दुसरे लोकही ज्या तळ्याचं पाणी सिंचनाला, प्यायला किंवा घरवापराला घेतात, ते तळं वर्ग ब मध्ये येते. म्हणून स्वतःची बोडी आहे म्हणून एकदम ट्रॅक्टर घालण्याआधी वर्ग पाहून घ्या. दुसरा कागद वाजिब-उल-अर्ज. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम १६५ मध्ये याची तरतूद आहे. सरकारच्या नसलेल्या जमिनीतल्या आणि पाण्यातल्या सिंचनाच्या, वहिवाटीच्या आणि मासेमारीच्या गावातल्या चालीरीती त्यात नोंदतात. शिवाय १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यानुसार एखादा शेतकरी २० वर्षं उघडपणे, हक्कानं आणि खंड न पडता पाणी नेत असेल तर त्याचा हक्क तयार होऊ शकतो. भांडण तलाठ्याकडे नेण्याआधी दोन्ही बाजूंनी हे कागद काढले तर अर्धे प्रकरण तिथंच समजते.

गाळ, बेशरम आणि मासोळ्या

गाळ काढायची वेळ उन्हाळा. तो बांधीत टाकला की जमीन सुधारते, पण लोभानं खोल खोदू नका. गाळाखालचा चिकण थर फोडून मुरूम लागला की बोडी पाणी धरत नाही. पाळीच्या पायथ्यापासून दहा-पंधरा फूट तर खोदूच नये. बेशरम कापून तिथंच टाकली तर कांडीतून परत फुटते. मुळासकट उपटून बाहेर वाळवायची.

मरळ, मागूर, शिंगूर या मासोळ्या बोडीत आपोआप येतात. रोहू, कटला सोडायचे असतील तर पाणी किती महिने टिकते ते आधी मोजा. पाच-सहा महिनेच टिकत असेल तर जिरे नको, बोटुकली घ्या. मासे वाहून जाऊ नये म्हणून सलंगाला जाळी लावतात. तिच्यात पालापाचोळा अडकला की सलंग बंद होतो आणि पाणी पाळीवर चढते. मोठ्या पावसाच्या रात्री जाळी काढून ठेवा. थोड्या मासोळ्या जातील.