निवडणुकीतील चारित्र्यहनन : 'मराठा'पासून मोबाईलपर्यंत

निवडणुकीत प्रतिस्पर्ध्याची बदनामी करण्याची प्रथा समाजमाध्यमांनी आणली, असा समज सर्वत्र आढळतो. इतिहास मात्र वेगळे सांगतो. या प्रश्नाचा कायदेशीर कस लागला तो मुंबईत, आणि तोही एका मराठी दैनिकाच्या निमित्ताने. महाराष्ट्राबाहेर वाढलेल्या पिढीला हे प्रकरण फारसे ठाऊक नसावे, म्हणून ते येथे मांडतो.

१९६७ च्या लोकसभा निवडणुकीत दक्षिण मुंबई मतदारसंघात केंद्रीय रेल्वेमंत्री स. का. पाटील यांच्याविरुद्ध जॉर्ज फर्नांडिस उभे होते. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यापासून पाटील यांचे कडवे विरोधक असलेले आचार्य अत्रे यांनी आपल्या 'मराठा' दैनिकातून पाटील यांच्यावर टीकेची झोड उठवली. पाटील पराभूत झाले. निकालानंतर फर्नांडिस यांच्या निवडीला याचिकेद्वारे आव्हान देण्यात आले आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले.

लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ चे कलम १२३(४) येथे महत्त्वाचे आहे. उमेदवाराच्या सार्वजनिक कारभारावर कितीही कठोर टीका करता येते. परंतु त्याच्या वैयक्तिक चारित्र्याविषयी खोटे विधान, ते खरे नाही हे जाणून, मतांवर परिणाम व्हावा म्हणून प्रसिद्ध करणे हा भ्रष्टाचार ठरतो. मात्र त्यासाठी निवड रद्द करायची, तर ते कृत्य विजयी उमेदवाराने, त्याच्या निवडणूक प्रतिनिधीने किंवा त्यांच्या संमतीने केले हे सिद्ध व्हावे लागते. अन्य कोणा हस्तकाने केले असल्यास निकालावर त्याचा प्रत्यक्ष परिणाम झाला, हेही दाखवावे लागते.

फेब्रुवारी १९६९ मध्ये निकाल लागला. सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांच्या निकालपत्राचा सारांश असा : अत्रे आणि फर्नांडिस यांची जवळीक उघड होती, पण जवळीक म्हणजे संमती नव्हे. संमती परिस्थितीजन्य पुराव्यावरून मानता येते, परंतु त्या पुराव्यातून दुसरा अर्थ निघता कामा नये. 'मराठा'तील मजकुराला फर्नांडिस यांची संमती सिद्ध झाली नाही आणि त्यांची निवड कायम राहिली.

प्रशासनाच्या दृष्टीने यातील एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. त्या वादात लेखन कोणाचे, हा प्रश्नच नव्हता. दैनिकाला संपादक होता, मुद्रक होता, तारीख होती. निवडणुकीच्या पत्रकांसाठीही कलम १२७अ अन्वये मुद्रक व प्रकाशकाचे नाव-पत्ता छापणे सक्तीचे आहे. तरीही संमतीचा दुवा जुळला नाही.

आता आजची स्थिती पाहा. दिल्लीत मी राहतो त्या द्वारकेत सहकारी गृहनिर्माण सोसायट्यांची दाटी आहे आणि बहुतेक सोसायट्यांचे व्हॉट्सअॅप गट आहेत. फेब्रुवारी २०२५ च्या विधानसभा निवडणुकीत आमच्याही गटावर उमेदवारांविषयी निनावी मजकूर येत होता. पाठविणारा शेजारी ओळखीचा, पण मूळ लेखक कोण, हे त्या शेजाऱ्यालाही ठाऊक नसे. जेथे लेखकच सापडत नाही, तेथे उमेदवाराची संमती कशी सिद्ध करणार?

निवडणूक आयोगाने ऑक्टोबर २०१३ मध्ये उमेदवारांना आपली समाजमाध्यम खाती शपथपत्रात नोंदविण्यास आणि तेथील जाहिराती पूर्वप्रमाणित करून घेण्यास सांगितले. मे २०२४ मध्ये, बनावट चित्रफिती निदर्शनास आल्यापासून तीन तासांत हटविण्याची सूचना पक्षांना दिली. हे उपाय योग्यच आहेत. पण ते नोंदलेल्या खात्यांना आणि पक्षांना बांधतात. निनावी हातांपर्यंत ते पोहोचत नाहीत. निवडणूक याचिकेला ४५ दिवसांची मुदत आहे, पण ती निकालानंतरची आणि विजयी उमेदवाराविरुद्धची. मतदानाच्या आदल्या रात्री ज्याची अब्रू गेली, त्याला तिचा उपयोग किती?

तरीही संमतीची अट शिथिल करावी, असे मी म्हणणार नाही. तसे केल्यास कोणाही समर्थकाच्या, किंवा समर्थकाचे सोंग घेतलेल्या विरोधकाच्या, एका संदेशावरून जनतेचा कौल रद्द होऊ शकेल. कलम १२७अ मागील तत्त्व मात्र पडद्यावरही लागू व्हायला हवे : प्रचाराचा मजकूर ज्याचा, त्याचे नाव त्यावर असावे. अत्र्यांची लेखणी जहाल होती, पण ती स्वतःच्या नावाने चालत असे. निनावी संदेश पुढे पाठविण्यापूर्वी आपण स्वतःला एवढेच विचारावे : याखाली माझे नाव घालायला मी तयार आहे का?