झाडावरची मोडी : ग्राफिस या प्रजातीची गोष्ट

मंडळी, विषय जाहीर झाल्यावर दोघातिघांनी मला विचारलं, की तत्त्वज्ञानाच्या माणसाने झाडाच्या सालीवरच्या खपल्यांबद्दल का बोलावं? प्रश्न रास्त आहे. उत्तर असं, की वर्गीकरण म्हणजे काय हा आमच्या शास्त्राचा फार जुना प्रश्न आहे, आणि तो मला पुस्तकांपेक्षा या खपल्यांमध्ये जास्त स्वच्छ दिसला.

दगडफूल तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. गोड्या मसाल्यात पडतं, काळसर-करडं, पानासारखं. ते शैवाक, म्हणजे लायकेन. बुरशी आणि शैवाल यांचा एकत्र संसार. पण दगडफूल पापुद्र्यासारखं सुटून येतं. आज ज्याबद्दल बोलायचंय ते सुटत नाही. ते सालीला रंग दिल्यासारखं चिकटलेलं असतं, हवं असेल तर सालीसकट चाकूने कापून घ्यावं लागतं. आंब्याच्या किंवा फणसाच्या गुळगुळीत सालीवर पांढुरका डाग आणि त्यावर बारीक काळ्या रेघा, वाकड्या, फाटे फुटलेल्या, एकमेकींना टेकलेल्या. पेशवे दफ्तरातला मोडीचा कागद ज्यांनी पाहिलाय त्यांना लगेच ओळखीचं वाटेल. युरोपातल्या लोकांनाही ते लिखाणच वाटलं. लिहिणे या अर्थाच्या ग्रीक धातूवरून त्याला नाव मिळालं ग्राफिस.

त्या काळ्या रेघा म्हणजे बुरशीची फळं. रेघेच्या मधोमध चीर असते, दोन्ही बाजूंना कोळशासारखे काळे ओठ, आणि आत बीजाणू. डाग नखाने खरवडला तर खाली पिवळट-हिरवा, कधी नारिंगी थर दिसतो. ते ट्रेंटेपोहलिया नावाचं शैवाल. ते हिरव्या शैवालांच्या कुळातलं, पण अंगात नारिंगी रंगद्रव्य बाळगतं. पावसाळी प्रदेशात भिंतींवर आणि खोडांवर जो केशरी थर चढतो, तो बऱ्याचदा याचाच.

आता इतिहास. १७५३ साली लिनियसने वनस्पतींची मोठी मोजदाद केली, तेव्हा सगळी शैवाकं, सुमारे ऐंशी जाती, त्याने 'लिचेन' या एकाच प्रजातीत कोंबली. आपल्या या रेघोट्यांना त्याने 'लिचेन स्क्रिप्टस' म्हटलं. त्याला या मंडळींत फारसा रस नव्हता. त्याच्याकडे प्रबंध देणारा शेवटचा विद्यार्थी एरिक अकारियस. हा पेशाने डॉक्टर, त्याने आयुष्य यातच घातलं. १८०३, १८१० आणि १८१४ अशा तीन ग्रंथांत त्याने गुरूची एक प्रजाती फोडून अनेक केल्या.

यानंतरचा टप्पा मला फार आवडतो. आन्त्वान फे हा फ्रेंच औषधनिर्माता. त्या काळी सिंकोनासारख्या औषधी साली अमेरिकेतून जहाजांनी युरोपात येत. औषधवाले सालीची प्रत तपासत, फे त्या सालींवर काय उगवलंय ते बघू लागला. उष्ण कटिबंधातली शैवाकं त्याने औषधांच्या मालात शोधली, आणि १८२४ साली त्यावर ग्रंथ छापायला सुरुवात केली. म्हणजे युरोपला आपल्यासारख्या देशांतल्या या खपल्यांचा परिचय झाला तो व्यापाराच्या पोत्यांतून. जंगल न पाहता!

सूक्ष्मदर्शक चांगले झाले तसे लोक बीजाणू पाहू लागले, आणि मग आले म्युलर. स्वित्झर्लंडमध्ये म्युलर गल्लोगल्ली, म्हणून हे आपल्या आरगाऊ प्रांताचं नाव मागे लावत. आपल्याकडे गावाला 'कर' जोडतात तसंच. जिनिव्हात बसून त्यांनी जगभरची पाकिटं तपासली आणि १८८० च्या दशकात या कुळाला चार खणांचं कपाट करून दिलं. बीजाणू रंगहीन की तपकिरी? आतले पडदे नुसते आडवे, की आडवे-उभे दोन्ही, विटांच्या भिंतीसारखे? रंगहीन आणि आडवे तर ग्राफिस. रंगहीन आणि भिंतीसारखे तर ग्राफिना. तपकिरी आणि आडवे तर फिओग्राफिस. तपकिरी आणि भिंतीसारखे तर फिओग्राफिना. किती सुटसुटीत! हे कपाट शंभर वर्षांहून जास्त टिकलं.

इथे मला उदयनाचार्यांची आठवण होते. दहाव्या शतकातले नैयायिक. कोणता सामान्य धर्म खरी 'जाती' मानायचा आणि कोणता नाही, यासाठी त्यांनी सहा अडथळे सांगितले. त्यातला एक 'संकर'. दोन धर्म काही ठिकाणी एकत्र राहतात, पण प्रत्येक दुसऱ्याला सोडूनही राहतो, अशा वेळी दोन्हींना जाती म्हणता येत नाही. नेहमीचं उदाहरण भूतत्व आणि मूर्तत्व : पृथ्वी, जल, तेज, वायू यांत दोन्ही आहेत, आकाशात फक्त भूतत्व, मनात फक्त मूर्तत्व. म्युलरसाहेबांचं कपाट याच कसोटीवर घासून बघा. तपकिरीपणा आणि भिंतीसारखेपणा एकमेकांना असेच आडवे छेदतात. निदान एक तरी धर्म वरवरचा असणार. (आपल्या मराठी परिभाषेत 'प्रजाती' वर आणि 'जाती' खाली, न्यायातली 'जाती' मात्र वेगळीच. घोटाळा करू नका.) नव्य नैयायिकांतल्या काहींना संकर हा अडथळा मान्य नव्हता, हेही सांगायला हवं. म्हणून मी याला सिद्धता म्हणत नाही. शंका घ्यायला जागा होती, एवढंच.

आणि झालं तसंच. २००२ साली जर्मनीच्या बेटिना श्टायगर यांनी या कुळाची नव्याने मांडणी केली. ओठ किती काळे पडलेत, आतले धागे कसे आहेत, बीजाणू आयोडीनने निळे-जांभळे होतात का, असं सगळं एकत्र पाहून. पडद्यांचा निकष पडला : ग्राफिनातल्या पुष्कळ जाती ग्राफिसमध्ये आल्या. रंगाचा निकष काही अंशी टिकला. मग डीएनए आलं, आणि ज्यांची फळं रेघेऐवजी गोल खळग्यासारखी असतात ते कूळही यातच मिसळलं. २०१८ साली ग्राफिसचे पुन्हा दोन भाग झाले, थोराड फळांच्या जाती 'अॅलोग्राफा'त गेल्या. हे नाव १८२४ सालचं, धूळ झटकून बाहेर काढलेलं.

तुम्ही म्हणाल, शास्त्रज्ञांच्या या घरवाटणीत आमचं काय? आपलं आहे. पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी, आजची आघारकर संशोधन संस्था, इथे पी. जी. पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सह्याद्रीतली शैवाकं गोळा केली. पटवर्धन आणि कुलकर्णी यांनी १९७९ साली पश्चिम घाटातून या कुळातल्या नव्या जाती प्रसिद्ध केल्या. पुढे उर्मिला माखिजा आणि अडावदकर यांनी ते काम चालू ठेवलं. १९७९ ची नावं अर्थातच चार खणांच्या कपाटातली. म्हणजे जुनी यादी आणि आजची यादी समोरासमोर ठेवली, तर एखादी जाती 'नाहीशी' झालेली दिसेल, आणि प्रत्यक्षात ती फक्त खण बदलून शेजारी बसलेली असेल. म्हणून पाकीट जपावं लागतं. साल तीच असते, ती पुन्हा पाहता येते.

एकलहऱ्यात हा मुद्दा पुस्तकी राहत नाही. १८६६ साली नायलांडर यांनी पॅरिसमध्ये पाहिलं, की लक्झेंबर्ग बागेत शैवाकं आहेत, शहरात इतरत्र नाहीत. हवा शुद्ध आहे की नाही हे शैवाकं सांगतात, असं त्यांनी मांडलं. तीस वर्षांनी त्या बागेतलीही गेली. (गंमत अशी, की शैवाक म्हणजे बुरशी अधिक शैवाल हा श्वेंडेनर यांचा सिद्धांत या चतुर माणसाने शेवटपर्यंत मानला नाही.) १९७० साली हॉक्सवर्थ आणि रोझ यांनी इंग्लंडसाठी दहा पायऱ्यांची मोजपट्टी केली : खोडावर कोणती शैवाकं आहेत ते बघा आणि हवेतला सल्फर डायऑक्साइड अंदाजा. त्याच १९७० मध्ये इथल्या औष्णिक केंद्राचा पहिला १४० मेगावॅटचा संच सुरू झाला. ते पहिले दोन संच आता बंद आहेत, २१० मेगावॅटचे तीन उरले.

तेव्हा कुणी म्हणेल, आमच्या झाडांवर रेघा नाहीत, म्हणजे हवा खराब, सिद्ध झालं! थांबा. हा सव्यभिचार हेतू आहे. रेघा नसण्याला दुसरं कारणही आहे. ग्राफिसला दमट हवा लागते. इगतपुरी-त्र्यंबकच्या बाजूला जी ओल आहे ती नाशिकच्या पूर्वेला नाही. शिवाय आपल्या कोळशात गंधक कमी आणि राख भरमसाट, म्हणजे इंग्लंडची गंधकाची पट्टी इथे तशीच लावता येणार नाही. इथे धुळीचाही हिशोब धरावा लागेल. तुलना करायची तर तेवढाच पाऊस पडणारं, पण चिमणीपासून लांबचं गाव घ्यावं लागेल, झाड तेच, सालीचं वय साधारण तेच. आरोप खरा असला तरी पुरावा कच्चा असेल तर समोरचा वकील तो दोन मिनिटांत उडवतो. मग खऱ्या तक्रारीवरही कुणी विश्वास ठेवत नाही. मला भीती आहे ती याची.

करायचं असेल तर पावसाळा संपल्यावर करा. दहापट मोठं दाखवणारं भिंग पुरे. फोटोत शेजारी पट्टी ठेवा, झाड, तारीख, जमिनीपासूनची उंची लिहा. जातीचं नाव फोटोवरून ठरणार नाही, त्यासाठी बीजाणू पाहावे लागतात, तेव्हा सालीचा छोटा तुकडा कागदी पाकिटात कोरडा ठेवा. प्लास्टिकमध्ये नको, बुरा येतो.

आणि दरवेळी विचारतात म्हणून आधीच सांगतो : याने झाडाला काही होत नाही. ते सालीवर फक्त बसतं, झाडाचं अन्न खात नाही. रोग समजून खरवडू नका. रस्त्याकडेच्या झाडांना गेरू-चुन्याचे पट्टे मारतात ते नेमके छातीच्या उंचीपर्यंत येतात, आणि निरीक्षण करणाराही तिथेच बघतो. तेव्हा पट्ट्याच्या वर बघा.